सालासकट

त्सुनेओ कागेयामांनी उभ्या जन्मात खाऊसाठी रांग लावली नव्हती. रांगा लावायच्या त्या मिसाओनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं. हे घरी पेपर वाचत बसणार, आणि डबा उघडला की पहिला हात यांचा. सेहेचाळीस वर्षं असं अगदी सुरळीत चाललं. मग मे महिन्यात एका सकाळी मिसाओ कपडे वाळत घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही.

आता सप्टेंबर आला. पितरांचा आठवडा. मिसाओचा तो पहिलाच, देव्हाऱ्याच्या आतल्या बाजूनं. अशा वेळी पुढ्यात ओहागी ठेवायची, हे त्सुनेओंनाही ठाऊक होतं. भाताचा गोळा, त्यावर आझुकीच्या, म्हणजे लाल कडधान्याच्या, गोड पुरणाचं जाड पांघरूण. त्यात काय मोठंसं.

ओसाकाहून लेकीचा फोन आला. योरिको दवाखान्यात नर्स, त्यामुळे सुटीच्या दिवशी नेमकी ड्यूटी.

"बाबा, आईला ओहागी ठेवा. तातेइशींच्या दुकानातलीच आणा, दुसरीकडची नको."

"आणतो. साल काढून गाळलेल्या पुरणाची की सालाची?"



"ते तुम्हाला माहीत असणार ना. मी घरी असताना आईला गोड खाताना कधी पाहिलंच नाही."

त्सुनेओंनी फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. अडतीस वर्षं या माणसानं मात्सुए शहरातल्या घराघराचे पाण्याचे मीटर वाचले होते. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची सून माहेरी गेलीय, आकड्यावरून सांगायचे. आणि जिच्या हातचा चहा रोज दोनदा प्यायले, तिला साल चालतं की नाही, ते काही सांगता येईना. चुकीची ओहागी ठेवली तर ती काही बोलणार नव्हती. जिवंतपणी तरी कुठे बोलली होती. तेच तर त्यांना टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच ते तातेइशींच्या दुकानापुढे उभे. पुढे वीस-बावीस बायका. लगेच पुढची वळली. कालव्यापलीकडच्या नोत्सुबाई, तोंड म्हणजे पाणचक्की.

"कागेयामासान, वाट चुकलात का? इथला मीटर मागच्या दारी आहे."

"ठाऊक आहे. उजव्या हाताला, झाकण तुटलेलं."

"बघा, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी झाकण सुटत नाही यांचं."

"तुमच्याकडे न्हाणीघरातला नळ गळायचा. दोन उन्हाळे."

"अहो, हळू बोला, माझी सून पुढेच उभी आहे." नोत्सुबाई हसल्या, मग त्यांच्या काळ्या टायकडे लक्ष गेलं आणि हसू आवरलं. "मिसाओसानसाठी ना?"

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं घसा खाकरून विचारलं, "तुमच्याकडे कुठली ठेवता? सालाची?"

"ज्याला जी आवडायची ती. सासऱ्यांना सालाची, सासूबाईंना गाळलेली. मेल्यावरसुद्धा एका ताटात जेवत नाहीत ती दोघं."

रांग पुढे सरकली. त्सुनेओ काही हसले नाहीत.

काउंटरवर किनुएबाई. दुकानाच्या थोरल्या मालकीणबाई, ऐंशीला टेकलेल्या, पण गिऱ्हाईकाची सात पिढ्यांची चव जिभेवर. त्यांना बघून म्हणाल्या, "वसंतात दिसल्या त्या शेवटच्या. मिसाओसान बऱ्या आहेत ना?"

"मे महिन्यात गेली."

किनुएबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. दोन्ही हात काउंटरवर टेकून वाकल्या, अगदी कमरेतून. 

"सहा द्या," त्सुनेओ घाईघाईनं म्हणाले. "गाळलेल्या." घरी त्याच यायच्या ना. दुसरं काय म्हणणार.

किनुएबाईंनी चिमटा उचललाच नाही.

"गाळलेली तुमची. त्यांची सालाची."

"मिसाओला गोड आवडायचं नाही."

"असं सांगायच्या का," किनुएबाई म्हणाल्या. खिडकीखाली एक लाकडी बाक होता, त्याच्याकडे हनुवटीनं दाखवलं. "तिथे बसायच्या. आधी एक सालाची खायच्या, चहाबरोबर, अगदी सावकाश. मग तुमच्या सहा बांधून घ्यायच्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून."

"घरी का नाही आणायची?"

"आणली होती म्हणे एकदा. पहिल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, हे काय गुरांचं खाणं, आणि ताटली सरकवलीत." हे सगळं त्या चढ्या आवाजात नाही, हिशेब मागितल्यासारखं नाही, हवापाण्याचं सांगावं तसं बोलल्या. "हसून सांगायच्या हो. रडगाणं नव्हतं त्यांचं."

त्सुनेओंना आठवेना. ताटली आठवेना, मिसाओचा चेहरा आठवेना. आपण तसं म्हटलं असणार, एवढं मात्र पटलं. साल दाताखाली आलं की त्यांचं डोकं फिरायचं, लहानपणापासून.

"सालाच्या दोन द्या," ते म्हणाले.

किनुएबाईंनी दोन बांधल्या आणि न विचारता बाकावर चहा आणून ठेवला. ते बसले. खिडकीतून समोरचा कालवा दिसत होता, पुलाखालून एक बदक हळूहळू चाललं होतं. सेहेचाळीस वर्षं तिनं हेच बघितलं असणार. पुडकं मांडीवर धरून त्यांनी चहा संपवला. पुडकं सोडलं नाही. आधी तिला, मग आपण. एवढी रीत त्यांनाही ठाऊक होती.

घरी देव्हाऱ्यापुढे दोन्ही ठेवल्या. उदबत्ती लावली, वाटीसारख्या घंटेवर काठीनं हलका टोला दिला. घंटेचा नाद विरेपर्यंत हात जोडून बसले. काहीतरी बोलायचं होतं, पण अडतीस वर्षं आकडे बोललेला माणूस, शब्द कुठून आणणार. फोटोतली मिसाओ नेहमीसारखीच बघत होती.

दुपार कलली. ओहागी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, भात दगड होतो. आणि देव्हाऱ्यापुढचं उतरवलं की घरच्यानं खायचं, टाकायचं नाही. घरचा आता एकच होता.

पहिल्याच घासाला साल कवळीखाली जाऊन बसलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, जीभ फिरवली, दुसरा घास घेतला. चव वाईट नव्हती. नुसती गोड नव्हती, तिला थोडा मातीचा वास होता. हातानं दोनदा ताटली पुढे सरकवली, आपोआप, आणि दोनदा त्यांनी ती मागे ओढली. दोन्ही खाल्ल्या. तासभर लागला.

मग लेकीला फोन लावला.

"सालाची," ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या आईला सालाची आवडायची."

 योरिको म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं," त्सुनेओ म्हणाले, आणि कवळीखालचं साल जिभेनं शोधत राहिले.