सुमनताई ज्या वाक्यापाशी थांबल्या

मी मोहाडीचा, ॲडव्होकेट सुमनताई करडीच्या. नागपूरला त्यांच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी मी विचारलं, कोर्टात उभं राहायला कधी मिळेल? ताई म्हणाल्या, "कोर्टात जायची पाळी आली तं समज, आपलं काम बिघडलं." कंपन्यांची वकिली करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे आधीच ऐकून ठेवावं. इथं काळा कोट बहुधा खुंटीवरच असतो. दिवस जातो करार वाचण्यात आणि आपल्याच अशिलाला "नाही" म्हणण्यात.

ताईंची एक रीत आहे. ज्या जागेचा करार, त्या जागी जाऊन तो मोठ्यानं वाचायचा, आणि ज्यांचा त्या जागेशी संबंध त्यांनी तो ऐकायचा. आम्ही ज्युनियर मंडळी आपसात हसायचो.

आंबागडजवळ तलावाकाठचं एक रिसॉर्ट आमची अशील असलेली एक कंपनी विकत घेत होती. कंपनीचं नाव सांगणं आमच्या व्यवसायात बसत नाही. भर दुपारी ताई तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून वाचू लागल्या. खाली ढिवर कुटुंबं ऐकत बसली होती. समोरच्या डोंगरावरून प्रत्येक वाक्य परत येत होतं. मग जुन्या कुठल्याशा मसुद्यातून जसंच्या तसं उचललेलं ते वाक्य आलं: "तलावातील, तलावावरील आणि तलावाखालील सर्व हक्क कंपनीचे राहतील." म्हणजे या लोकांची पिढ्यानपिढ्यांची मासेमारी बंद.

डोंगरावरून काहीच आलं नाही. ताईंनी पुन्हा वाचलं. तरी नाही. वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं. पुढचं वाक्य वाचलं, ते मात्र लगेच परत आलं. माझ्या अंगावर काटा आला.

मांडीवर जाळं घेऊन बसलेल्या अनसूयाबाई डोंगराकडे बोट दाखवत म्हणाल्या, "त्याले पटलं नाही तं चूप रायते. तुमी कायले भेता?"

कंपनीचे मॅनेजर साहेब हसले. "मॅडम, हवेचा खेळ आहे," म्हणत त्यांनी तेच वाक्य ओरडून पाहिलं. उत्तर नाही. मग गंमत म्हणून स्वतःचं नाव पुकारलं. तेही परत आलं नाही.

"हवेचाच असेल," ताई म्हणाल्या. "पण हे वाक्य ठेवायचं असेल तर दुसरा वकील पाहा." ऑफिसचं सगळ्यात मोठं अशील हातचं जाणार, अशी मला भीती वाटली. साहेबांनी हातानंच 'खोडा' अशी खूण केली. ताईंनी ते वाक्य खोडलं, मासेमारीचा हक्क लिहिला आणि पुन्हा वाचलं. डोंगरानं अक्षरन् अक्षर परत दिलं.

येताना मोहाडीला गाडी थांबवून त्यांनी मला आलूबोंडा घेऊन दिला. "खाऊन घे. पोट भरलं का भेव कमी होते." आम्हा ज्युनियरांची इतकी काळजी दुसऱ्या कुणी केली नाही.

ते साहेब पुढचा पोळा पाहू शकले नाहीत. ताई म्हणतात, योगायोग. पण आजही बंद खोलीत करार वाचताना त्या प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबतात. आम्हीही थांबतो. कशासाठी, ते कुणी विचारत नाही.

ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहिलेला हा लेख मी त्या पाळीवर जाऊन वाचला. सगळा परत आला, ताईंच्या नावासकट. शेवटची शुभेच्छा तेवढी वाचली नाही. ती तिथं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून आपण सगळे ती इथंच, एकमेकांना ऐकू येईल अशी म्हणू या: सुमनताई, निरोगी राहा, आणि खूप खूप जगा.