भागीरथीनं हात वर केला

तिच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको रस्त्यावर ताणा लावून पाजणी करत होतो. ज्यांनी माग कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लुगडं विणायच्या आधी उभं सूत रस्त्याच्या लांबीला ताणून धरतात, त्याला कुंच्यानं खळ लावतात आणि ती वाळेपर्यंत कुंचा फिरवत राहतात. मग धागा धाग्याला चिकटत नाही आणि मागावर तुटत नाही. हे दोघांचं काम नव्हे, चार-सहा माणसं लागतात. आम्ही दोघंच होतो, आणि दोघंही म्हातारी. ती एका बाजूनं, मी दुसऱ्या. ती पुढं गेली, मी मागं राहिलो. "आवं, कुंचा फिरवताय का ताण्याची दृष्ट काढताय?" ती तिकडून ओरडली. मी म्हणालो, "तुझी जीभ फिरती तेवढा माझा हात फिरत न्हाई." अर्धा ताणा झाला आणि शाळेची घंटा वाजली. म्युनिसिपालटीचा शिपाई कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. घंटेनंतर रस्त्यावर ताणा ठेवायचा नाही, असा कायदा आहे. आम्ही ताणा गुंडाळला. दुपारी "जरा पडते" म्हणाली... मी चहा घेऊन गेलो तर अंग थंड पडलं होतं.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, 'माजी स्त्री-सभासद भागीरथीबाई यांचे दुःखद निधन.' म्युनिसिपालटीनं दुखवट्याचा ठराव केला, सगळे मेंबर उभे राहिले म्हणे. ती हयात असताना तिच्या एकाही ठरावाला इतके लोक उभे राहिले नव्हते. म्हणून मी संपादकांना म्हणालो, मी लिहितो. माझं शिक्षण दुसरी. चुकलं-माकलं त्यांनी नीट करावं, मजकूर बदलू नये.

भागीरथी हे नाव मी जन्मात कधी घेतलं नाही. मी 'अगं' म्हणायचो, गल्ली 'भागामावशी' म्हणायची. आम्ही कोष्टी, पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणणारे. ती म्युनिसिपालटीत कशी गेली ते लोकांना ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. बायांसाठी एक जागा राखीव होती. गावात दोन पार्ट्या, एक वकिलाची आणि एक पेठेतल्या दुकानदारांची. वकिलाची बायको दुकानदारांना नको, दुकानदाराची सून वकिलाला नको. मग दोघांनी मिळून अशी बाई शोधली, जी कुणाचीच नाही आणि जिला काही कळत नाही. वकीलसाहेब आमच्या घरी आले, मागाच्या खड्ड्यापाशी पाटावर बसले आणि म्हणाले, "भागीरथीबाई, तुम्हाला काही करायचं नाही. नुसतं येऊन बसायचं. मी हात वर केला की हात वर करायचा."

ती म्हणाली, "आन् तुमचा हात दुखत आसला तर?"

ते हसले. दुसऱ्या दिवशी दुकानदारांचा माणूस आला, त्यानंही हेच सांगितलं. ती बिनविरोध निवडून आली. या दोघांचे हात एका वेळी कधी वर होत नाहीत, हे तिला पहिल्याच सभेत कळलं. मग घरी येऊन मला म्हणाली, "आता माझा हात मलाच उचलावा लागनार."

लढाई संपली होती, पण सुतावरचा सरकारी कंट्रोल सुटला नव्हता. वेशीबाहेर मोटारींचा स्टँड झाला आणि पेठेपासून स्टँडपर्यंत सरळ रस्ता काढायचं ठरलं. सरळ म्हणजे आमच्या गल्लीतून. गल्ली अशी अरुंद की बैलगाडी शिरली तर माणसानं दारात चढावं. एका बाजूला आम्ही कोष्टी, समोर मोमीन मुसलमान. तेही विणकरच. नगरहून इंजिनियर आला, साखळी टाकून मोजलं आणि म्हणाला, दोन्ही बाजू पाडायची गरज नाही, एक पाडली तरी पुरे. कुठली ते बोर्डानं ठरवावं. झालं. वकील म्हणाले मोमिनांची, दुकानदार म्हणाले कोष्ट्यांची. वकिलांना आमची मतं हवी होती आणि दुकानदारांना वकिलांचं नाक कापायचं होतं. आमची किंवा मोमिनांची काळजी कुणालाच नव्हती. दिवसही वाईट होते. कुठल्या गावात काय झालं याच्या बातम्या रोज यायच्या आणि जो तो आपल्या बाजूचं माणूस मोजत होता.

आता इथं एक समजून घ्या. आमचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून बसायचं. तो घराच्या पुढच्या सोप्यात असतो, कारण उजेड तिथं. पुढचा सोपा पाडला म्हणजे माग गाडला. हे समोरच्यांचंही तसंच. सभेच्या आदल्या दिवशी तिनं भाकरी थापता थापता विषय काढला. मी म्हणालो, "विषय कसला? आपली बाजू वाचवायची."

"आपल्यामागं परस हाय. खड्डा तिकडं खनता येतो."

"आन् उजेड?"

"उजेड कमी. पर माग ऱ्हाईल. त्यांच्यामागं काय हाय? ओढ्याची दरड. पुढनं कापलं तर त्यांनी काय दरडीवर लोंबकळायचं?"

"लोक म्हनतील, भागीनं गल्ली दिली."

तिनं भाकरी उलटली. "गल्ली माझ्या बापाची न्हाई, द्यायला. आन् त्यांच्या बी बापाची न्हाई."

मी जेवलो नाही. स्पष्टच लिहितो, मी मेंबर असतो तर तो हात वर केला नसता. तिचं बरोबर होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. बरोबर असलेल्या गोष्टीनं माणसं दुरावतात का? दुरावतात, हे मात्र मी पाहिलं.

सभेला मी खिडकीपाशी उभा होतो, आमची अर्धी गल्ली माझ्या मागं. आधी मोमिनांची बाजू पाडायची असा ठराव. हात मोजले, निम्म्याला जरा कमी. तिचा हात पदराखाली. वकीलसाहेब तिच्याकडं बघून आपला हात हलवत होते, विसरली असेल म्हणून. मग दुसरा ठराव, कोष्ट्यांची बाजू. उरलेले हात वर गेले आणि त्यांच्यात तिचा. बोटांना सकाळची खळ तशीच वाळलेली. अध्यक्षांनी दोनदा मोजलं, एका हातानं ठराव पास. त्यांनी 'खाली घ्या' म्हणेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही. खिडकीत माझ्याशेजारी माझा चुलतभाऊ गणपत होता. त्याचं घर आमच्या घराला लागून. तो नुसता निघून गेला. बोलला तो तिसऱ्या दिवशी, भर गल्लीत. "वैनी, आमच्या छाताडावरनं रस्ता नेलात. आता गाड्या मोजीत बसा."

"बसंन की," ती म्हणाली. "तुमी या सोबतीला."

त्यानंतर तो आमच्याशी बोलला नाही. तिच्याशीही नाही, माझ्याशीही नाही.

पाडायला माणसं आली तेव्हा तिनं आमच्या घरापासून सुरुवात करायला लावली. ज्या खड्ड्यात माझ्या आजाचे, बापाचे पाय गेले त्यात मीच माती लोटली. परसात छप्पर टाकून नवा खड्डा खणला. तिथं दुपारीसुद्धा कंदील लावावा लागतो. लोक म्हणाले, नाटक करते. रस्ता झाला, चांगला रुंद झाला. मग म्युनिसिपालटीनं आमच्या घरांची पट्टी वाढवली, कारण म्हणे घरं आता हमरस्त्यावर आली. तिनं सभेत विचारलं, "घर ल्हान झालं, पट्टी मोठी कशी?" ऑफिसर म्हणाला, "बाई, जागेची किंमत वाढली." ती म्हणाली, "आमाला जागा इकायची न्हाई, ऱ्हायचंय तिच्यात." सगळे हसले आणि पट्टी मंजूर झाली. पुढं मोटारवाल्यांनी तक्रार केली, ताणे आडवे येतात. रस्त्यावर पाजणी बंदच करायचा ठराव आला. ती दोन सभा भांडली, तेव्हा शाळेच्या घंटेपर्यंत सवलत मिळाली. गल्ली म्हणाली, बघा, हिच्या पायी आता घड्याळ लावून विणायचं. जी सवलत तिनं मिळवली, तिच्यासाठीही तिलाच शिव्या.

पण खरं दुखणं वेगळं होतं. आमच्यात एकाच्या पाजणीला सगळी गल्ली हात देते. आज तुझी, उद्या माझी. बाईनं दारात उभं राहून नुसतं "पाजणी हाय गं!" म्हणायचं की घराघरातून माणसं कुंचे घेऊन निघतात. भांडणं असली तरी निघतात. सासू-सुना तोंडं फिरवून एकाच ताण्यावर चालतात. त्या सभेनंतर आमच्या ताण्याला कुणी आलं नाही. आणि ही बाई दर वेळी दारात जाऊन हाक मारायची! दारं उघडी असायची, माणसं दिसायची, कुणी हलायचं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचो, "कशाला बोंबलतीस? इज्जत घालवतीस."

"हाक मारायची आपली," ती म्हणायची. "यायचं त्यांचं."

समोरचा इब्राहिमभाई तेवढा यायचा. दमेकरी माणूस, चार पावलं चालायचा आणि बसायचा. "भाबी, मी टेकू म्हणून उभा राहतो, काठीचं काम करतो," म्हणायचा. मग त्याच्या पोरांनी ठरवलं, इथं नको, मालेगावला आपली माणसं जास्त आहेत. जाताना तो आमच्या चौकटीवर हात ठेवून नुसता उभा राहिला... मागोमाग आणखी घरं गेली. ज्या घरांसाठी तिनं आमची घरं कापली त्यांतल्या किती घरांना आज कुलपं आहेत, हे येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं. गल्लीतल्या बाया तिला ऐकू जाईल असं बोलायच्या, "कुलपं राखली हो भागामावशीनं!" हे पहिल्यांदा कानावर आलं त्या दिवशी ती जेवली नाही. मी विचारलं, "चुकलं वाटतं का?" म्हणाली, "ती गेली ह्यात माझी काय चूक? पर गेली ते वाईट झालं." यापलीकडं कधी काही नाही. रडली असेल तर माझ्यासमोर नाही.

आणि ती गेली. त्या संध्याकाळी तिरडीला खांदा द्यायला गल्लीतली माणसं आली. नाही म्हणत नाही, रीत सगळ्यांनी पाळली. गणपतनं मडकंसुद्धा धरलं. पण आली ती दारापर्यंतच, उंबऱ्याच्या आत कुणी पाय टाकला नाही, आणि ओढ्यावरून परतल्यावर जो तो आपल्या घरी गेला. लेक मिरजगावला दिलेली. सांगावा धाडला होता, ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीनं येणार होती. घरात मी एकटाच. झोप आली नाही. सारखा तो अर्धा ताणा डोळ्यांपुढं. अर्ध्याला खळ, अर्धा कोरडा. तसाच ठेवला तर सूत वाया जाणार, आणि पुढचं सूत कधी मिळेल याचा नेम नाही. पण सूत हे निमित्त. तिनं सुरू केलेलं काम मला गुंडाळून ठेवता येईना, एवढंच.

सुतकात हत्याराला हात लावू नये म्हणतात. मी लावला. उजाडायच्या आत चूल पेटवली आणि जमेल तशी खळ शिजवली. ताणा बाहेर नेला. एक टोक खुंटीला बांधलं. दुसरं टोक धरायला कुणी नाही. जिथं माझा माग होता, बरोबर त्या जागी म्युनिसिपालटीनं कंदिलाचा खांब रोवलाय. त्याला काही बांधायची मनाई आहे. त्याला बांधलं. एक बाजू करायची, मग वळसा घालून दुसरी करायची. पहिली बाजू वाळत आली की दुसरी ओली, काही धड होईना. शेजारचं दार वाजलं. गणपत बाहेर आला, तोंडात राखुंडी. बराच वेळ बघत उभा राहिला.

"सुतक न्हाई का तुमाला, आण्णा?"

दोन-अडीच वर्षांनी त्याचं तोंड उघडलं, तेही ह्यासाठी. मी म्हणालो, "हाय."

"मग?"

"अर्धा ताणा कोरडा हाय."

तो थुंकला, तोंड पुसलं आणि जवळ आला. भांड्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासून बघितलं.

"पातळ झालीया खळ."

"मला कुठं येती करायला," मी म्हणालो.

त्यानं बोट धोतराला पुसलं आणि आत गेला. कशाला गेला ते कळलं नाही. दार मात्र लोटलं नाही. मी वाट बघत बसलो नाही. पूर्वेला तांबडं फुटलं होतं आणि घंटा व्हायला फार वेळ नव्हता. पातळ तर पातळ, तीच खळ कुंच्यावर घेतली आणि खांबाच्या बाजूनं पुन्हा सुरुवात केली.