कांद्यावर समजावलेलं ऑपरेशन

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. म्हणून अकोल्याकडच्या शिरपूरच्या आमच्या घरात कुठलाही कागद आला की माझ्यापुढे येतो. धाकट्या बहिणीच्या डोळ्यांचा कागद असाच आला.

धाकटी कॉलेजच्या कबड्डी संघात बचावात खेळते. चष्म्याचा नंबर साडेचार. चष्मा काढून मैदानात उतरायची आणि समोरच्या पोरीचे पाय दिसत नाहीत म्हणून आवाजावरून घोटा धरायची. लेन्स लावून पाहिल्या, पण धुळीने डोळे लाल व्हायचे. त्या वर्षी तिला कर्णधार केलं आणि ती म्हणाली, आता लेझर करायचंच. सामने दीड महिन्यावर होते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून तीन रीती सांगितल्या. मी वहीत उतरवून घेतल्या. घरी आल्यावर आई चुलीपुढे बसली होती. ती शाळेत गेलेली नाही, पण म्हणाली, मलेही समजावून सांग. मी टोपलीतला एक कांदा सोलून घेतला.

लॅसिकमध्ये बुबुळाचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलतात, खाली लेझर मारतात आणि झाकण परत बसवतात. दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं. स्माईलमध्ये झाकण नसतं. लेझरने आतल्या आत एक पातळ चकती कापतात आणि बारीक चिरेतून ओढून काढतात. हे दाखवायला दुसरा कांदा घेतला, तर त्याचा चुराच झाला. तिसरी पीआरके. वरची नाजूक साल खरवडून तिथेच लेझर मारतात. साल आपोआप परत येते, पण तीन-चार दिवस डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखतं आणि नजर बसायला काही आठवडे लागतात.

धाकटीने लॅसिकवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिसतं म्हटल्यावर तिला बाकीचं ऐकायचंच नव्हतं.

आई कांद्याचा तो पापुद्रा बोटाने वरखाली करत होती. मग म्हणाली, "हे झाकण परत पक्कं चिकटते का? खेळताना कोणाचं कोपर बसलं तं?"

बी.एस्सी. झालेय, पण हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. प्रश्न वहीत लिहिला आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, झाकण चांगलं बसतं, पण जोराचा मार लागला तर कित्येक वर्षांनंतरही सरकू शकतं. शिवाय हिचं बुबुळ पातळ आहे, त्यामुळे स्माईलही नको, हिला पीआरकेच बरी. मग त्यांनी विचारलं, हा प्रश्न कोणाचा? मी सांगितलं, आईचा. इतक्या ताठ मानेने मी कधी कोणाला काही सांगितलं नसेल.

पण पीआरके म्हणजे दोन-तीन महिने धूळ आणि मैदान बंद, म्हणजे त्या वर्षीचे सामने बुडणार, कर्णधारपदही जाणार. परतीच्या एसटीत धाकटीने माझी वही घेतली आणि आमच्या तालुक्याच्या मालेगावपर्यंत तिन्ही रीती परत परत वाचल्या. मग म्हणाली, "या सालचं जाऊ दे, ताई. पन मले मैदानात कोणाले भ्यायचं नाही."

ऑपरेशन झालं. सोयाबीन काढणीचे दिवस होते. बाबांनी त्या वर्षी मळणी घराजवळच्या खळ्यात न करता शेतातच उरकली, भुसा तिच्या डोळ्यांपर्यंत येऊ नये म्हणून. धाकटी काळा चष्मा लावून घरात बसायची आणि तासातासाला थेंब घालून घेताना मला शिव्या द्यायची.

पुढच्या वर्षी जऊळक्याला सामना होता. आई पहिल्यांदाच पाहायला आली. सुरुवातीला धाकटी चुकतच होती. आवाजाची सवय जुनी, नजर नवी. शेजारी बसलेल्या एका बाईने आईला विचारलं, पोरीचं लेझर केलं म्हणतात, ते काय असते? आईने तिला तिन्ही रीती सांगितल्या, कांद्यासकट. मला एक शब्द दुरुस्त करावा लागला नाही.

तेवढ्यात चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धाकटीने बरोबर पकडला आणि झटापटीत तिचं कोपर धाकटीच्या डोळ्यावरच बसलं. ती बाई दचकून उठली. धाकटीने डोळा चोळला, माती पुसली आणि ती परत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

आईने पदर सावरला. बाईला म्हणाली, "बसा. म्हून तं आमी झाकणाचं केलं नाही."