तुळसक्का आणि वाढता नातू

आमच्या जिममध्ये घाम पुसला जातो, किस्से तसेच पडून राहतात. आता एवढे साठलेत की डंबेल ठेवायला जागा नाही.

जिम म्हणजे चामराजपेटेतल्या एका बिल्डिंगचा वरचा मजला, एक तडकलेला आरसा आणि ट्रेनर मंजण्णा. मंजण्णाचा कायदा एकच: "स्वल्प स्वल्प." दर आठवड्याला वजन थोडंसंच वाढवायचं, घाई नाही.

मी पहिल्या दिवशी मोठ्या प्लेट लावून फोटो काढायच्या तयारीनं गेलो होतो. त्यानं हातात रिकामी रॉड दिली. म्हटलं ठीक आहे, रॉड तर रॉड, फोटो टाकला. मामेबहिणीचा लगेच मेसेज: "पडदे लावतोयस काय?"

*

जिमच्या खालच्या घरात तुळसक्का राहते. साठी उलटलीय, पण जिना चढते तो भांडायला निघाल्यासारखा. एकदा खरंच भांडायला आली. तुम्ही वरनं वजनं आपटता आणि माझा पंखा बंद असताना फिरतो, म्हणाली.

मंजण्णानं शांतपणे सांगितलं, अक्का, उचलतात सगळे. हळू खाली ठेवायला ताकद लागते, ती यांच्यात नाही.

अक्कानं आम्हाला एकेकाला नीट बघून घेतलं. "सरी, ठीक आहे. मग मला शिकव. मी ठेवते हळू."

दुसऱ्या दिवशी सलवार-कमीज, केसांत मोगऱ्याचा गजरा, हजर.

*

खरं कारण पंखा नव्हता. तिचा मुलगा संजू मेलबर्नला असतो, तो सुट्टीत नातवाला पहिल्यांदाच घेऊन येणार होता. मागे अक्काची कंबर धरली होती, म्हणून संजू दर व्हिडिओ कॉलवर बजावायचा, आई, ह्याला उचलायचं नाही हं, मांडीवर घे फक्त. अक्का कॉलवर मान हलवायची आणि कॉल संपला की वर यायची.

रिकामी रॉड झाली, लहान प्लेट झाल्या. सगळं छान चाललेलं. अडचण एकच, तिकडे नातूही वाढत होता आणि त्याला कुणी "स्वल्प स्वल्प" सांगितलं नव्हतं.

सुनेनं बाळाचं नवीन वजन कळवलं की अक्काचं तोंड उतरायचं. एकदा मंजण्णा म्हणाला, दमलायत, हा आठवडा आराम करा. अक्का म्हणाली, "मला काय सांगतोस? त्याला सांग."

शेवटी तिनं सुनेला फोन करून सांगितलं, पोराला तूप जरा कमी घाल. असं म्हणणारी आजी मी अजून दुसरी बघितलेली नाही.

*

मग अक्का अडकली. आहे त्या वजनावर आमची सगळ्यात लहान प्लेट चढवली तरी तिला ती वाढ एकदम जड जायला लागली. आमच्यातला शिवा पीण्याच्या इंडस्ट्रियल एरियात लेथवर काम करतो. त्यानं लोखंडाच्या दोन पातळ चकत्या कातून आणल्या, मधे भोक पाडून, खास अक्कासाठी. तेलकट होत्या म्हणून अक्का घासायला घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं वर आली. मंजण्णानं विचारलं, चकत्या कुठायत?

"आमच्या यजमानांनी दुधावर झाकल्यात. भोकातनं वाफ चांगली जाते म्हणे. साय धरू दे, मग आणते."

त्या दिवशी आमच्या जिममधली प्रगती सायीसाठी थांबली.

*

अक्काची एक तक्रार होती, रॉड गप्प बसते, पोर बसत नाही. म्हणून मंजण्णानं तिला तांदळाचं पोतं उचलायला दिलं. मी त्यात गुपचूप माझा फोन खुपसला, व्हायब्रेटवर. अक्कानं पोतं छातीशी घेतलं आणि मी शिवाच्या फोनवरनं कॉल लावला.

पोतं थरथरायला लागलं. आम्ही पोतं पडायची वाट बघतोय. अक्कानं ते खांद्यावर सरकवलं, पाठीवर थोपटलं आणि फोन बंद होईपर्यंत "नाही रे, नाही रे" करत फेऱ्या मारल्या.

मंजण्णानं तो व्यायाम आता सगळ्यांना लावलाय.

*

शेवटी संजू आला. आम्ही सगळे जिन्यात उभे. टॅक्सीतनं आधी संजू उतरला, मग नातू. चांगला गुटगुटीत, तूप कमी झाल्याची काही खूण नाही. अक्का पुढे झाली, हात पसरले.

पोरानं आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि बापाच्या पायाला मिठी मारली. सुटेना. अक्का एका बाजूनं गेली की ते दुसऱ्या बाजूला. संजूला बरंच वाटलं असावं. म्हणाला, राहू दे ना आई, तुझी कंबर.

अक्का थांबली. एकदा मंजण्णाकडे बघितलं. पाय फाकवले, पाठ सरळ केली, श्वास घेतला, संजूच्या मांड्यांना मिठी मारली आणि उचलला. पायाला लटकलेल्या पोरासकट.

पोर खिदळायला लागलं. वरनं संजू म्हणाला, "आई, लोक बघतायत."

अक्कानं खाली ठेवलं नाही. मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"किती हलका झालास रे. जेवत नाहीस काय तिकडे?"