मी गाडीत होते

हिंजवडीहून कासारसाईला निघाल्यावर कॅबचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, राइड कॅन्सल करा, मला रोख द्या. दोघांचं भलं." मी भाजीवर कोथिंबीर फुकट मागणारी बाई, लगेच कॅन्सल केली. पुढच्या वळणावर एका मावशींची मेंढरं आडवी आली, गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली आणि माझं उजवं मनगट मोडलं.

अ‍ॅपवाल्यांनी हात झटकले. राइडच नाही, तर प्रवासी कुठला? मग मी गाडीच्या विमा कंपनीकडे भरपाईचा दावा केला, तर त्यांचा साहेब चौकशीला घरी आला. "ड्रायव्हर म्हणतो, गाडी रिकामी होती. दावा मागे घेतल्याचं लिहून द्या, मॅडम."

नवरा कुजबुजला, "दे लिहून. चूक तुझीच आहे."

"चूक माझीच आहे, पण मी गाडीत होते!" असं म्हणून मी साहेबाला तडक मेंढरांवाल्या मावशींकडे नेलं.

"व्हय, हिला म्याच बाहेर काढलं," मावशी म्हणाल्या. "लई वरडत हुती. मेंढरं अजून बुजत्यात."

साहेबानं विचारलं, "मेंढरं कुणाची होती?"

"माजीच. लिवा की!"

"आणि राइड मीच रद्द केली, तेही लिहा," मी म्हणाले.

मावशींनी जबाबावर अंगठा उठवला. त्याखाली मी डाव्या हातानं सही केली. अंगठा जास्त सुबक दिसत होता.