शिळं केलेलं पाणी

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबताई म्हणायचे. चोवीस वर्षं ती काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडत खालच्या पाण्याचा रंग बदलायची वाट बघत आली होती. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एक थेंब जास्त पडला नाही, असं साहेब नव्या माणसांना सांगायचे. ती बोलायचीही तशीच, मोजून मापून. पंपावरची माणसं म्हणायची, ताईंकडून दोन वाक्यं ऐकायची तर आधी अर्ज द्यावा लागतो.

नवरा अगदी उलटा. तीस वर्षं बस चालवलेला, घरातही हॉर्नच्या वरच्या पट्टीत बोलणारा. शेजारपाजारचे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. त्याचा जीव होता बाहेरच्या खोलीतल्या चार फुटी काचेच्या टाकीत. तिच्यात नऊ मासे, आणि त्यांना त्यानं बसमार्गांचे नंबर दिलेले. सगळ्यात मोठा नारिंगी तो बावीस नंबर, कारण नोकरीतला त्याचा पहिला मार्ग बावीसचा. फाटक्या शेपटीचा काळा एकशेचार, कारण खाणं टाकलं की सगळ्यांत उशिरा पोचायचा तो. एकशेचार कधी वेळेवर आलीय का, असं म्हणून स्वतःच हसायचा. टाकीला तो डेपो म्हणायचा.

दीड वर्षापूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत होतं, त्याला सगळं कळायचं. डाव्या हाताच्या बोटांनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर एकदा टकटक केलं तर हो, दोनदा केलं तर नाही, एवढीच भाषा दोघांत उरली. तिनं त्याचा पलंग टाकीला लागून लावला. दिवसभर तो मासे बघायचा. ती कामावर असताना शेजारच्या काकू अधूनमधून येऊन बसायच्या, त्याला भरवायच्या.

टाकीचं पाणी बदलायचं काम तिच्याकडे आलं. कसं करायचं ते त्यानंच कितीदा तरी ऐकवलेलं होतं. नळाचं ताजं पाणी घालायचं नाही, बादल्यांत भरून एक दिवस उघडं ठेवायचं, शिळं होऊ द्यायचं, मग ओतायचं. त्यामागचं कारण त्याच्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. पाण्यातला क्लोरीन हवेत उडून जातो. तो किती टाकला हे रोज तपासायचं, हीच तर तिची नोकरी होती.

मग एका बुधवारी पाण्याचं औषध बदललं. शहराच्या टोकाच्या वस्त्यांत पोचेपर्यंत क्लोरीनचा जोर संपायचा, तक्रारी यायच्या. म्हणून त्याच्यात थोडा अमोनिया मिसळायचं ठरलं. हे नवं मिश्रण पाण्यात टिकून राहायचं, शेवटच्या नळापर्यंत. माणसांना प्यायला त्याचा काही त्रास नाही. फक्त डायलिसिसवाल्यांना कळवणं भाग होतं, कारण तिथं पाणी थेट रक्ताच्या शेजारून जातं. ते काम साहेबांनी तिला दिलं. तीन ठिकाणी तिनं स्वतः फोन केले. तिन्ही ठिकाणी एकच वाक्य सांगितलं, की हे औषध पाणी नुसतं ठेवून उडत नाही, ते काढूनच टाकावं लागतं. समोरच्यांकडून ते परत म्हणून घेतलं आणि वहीत सही केली.

शनिवारी घरी येऊन तिनं चार बादल्या भरून ठेवल्या.

रविवारी तिची पाळी सकाळी आठची होती. टाकीची काच हिरवी पडायला लागली होती, पाणी बदलायला आठवडाभर उशीरच झाला होता, म्हणून या खेपेला तिनं निम्मं पाणी काढलं. शिळं केलेलं पाणी मगानं हळूहळू ओतलं, माशांना हिसका बसू नये म्हणून. नवरा बघत होता. झालं का बरोबर, असं तिनं विचारलं. त्यानं दांडीवर एकदा वाजवलं. ती निघाली.

साडेचारला ती परतली तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. सकाळी दहापासून ड्रायव्हरसाहेब सारखी दांडी बडवताहेत, त्या सांगायला लागल्या. मी पाणी पाजलं, लघवीचं भांडं दिलं, पंखा लावला, बंद केला, उशी बदलली. प्रत्येकाला दोनदा, दोनदा. शेवटी तुमच्या मुलीला फोन लावून कानाशी धरला, तरी दोनदाच. काकूंना दुपारपर्यंत टाकीकडे बघायचं सुचलंच नाही. बघितलं तेव्हा सहा वर आले होते, तीन वर यायच्या बेतात होते.

तिनं आत जाऊन पाहिलं. बावीस नंबर कडेला आडवा तरंगत होता, कल्ले लाल झालेले. बाकीचे आसपास. एकशेचार तळाशी होता, तोही गेलेला. नवऱ्याच्या डाव्या हाताची बोटं सुजली होती, एका बोटाची कातडी सोलवटली होती. आता तो वाजवत नव्हता. टाकीकडे बघत होता.

तिनं पिशवी खुंटीला अडकवली. बोटाला मलम लावलं. मग गाळणी आणून नऊही मासे काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले, खाली जाऊन मागच्या अंगणात खड्डा करून पुरले. परत येऊन हात धुतले आणि स्वयंपाकाला लागली. तिला रडू आलं नाही. आपल्याला काही होतंय का हे तिनं एकदा थांबून पाहिलं, तर काहीच होत नव्हतं. भांडी घासताना फक्त लक्षात आलं, की तीच पातेली आपण दुसऱ्यांदा घासतोय.

सोमवारी तिनं टाकीतलं पाणी बाटलीत भरून कामावर नेलं. चाचणीची पहिली गोळी टाकली, पाणी होतं तसंच राहिलं. म्हणजे जुना, उडून जाणारा क्लोरीन नाही. दुसरी गोळी टाकली आणि पाणी गुलाबी झालं, म्हणजे नवं मिश्रण तसंच टिकून होतं. हातातल्या पट्टीवरचा रंग तिनं जुळवून पाहिला, आकडा वहीत लिहिला, नमुना कुठला या रकान्यात ‘घर’ असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, ते म्हणाले. चांगला माणूस होता, नंतर दोनदा येऊन चहा घेणार का विचारून गेला.

त्याच दिवसापासून कार्यालयात फोन यायला लागले. कुणाच्या दुकानातले, कुणाच्या शाळेतले, कुणाच्या दवाखान्याच्या बाकाशेजारचे मासे गेले होते. पाणी पिण्यास योग्य आहे, हे ठरलेलं उत्तर टेबलावर छापून ठेवलेलं होतं. चार जणांना तिनं ते वाचून दाखवलं. खोटं त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी तिनं पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि नवऱ्याला सांगितलं. "पाणी मीच घातलं. ते उडत नाही, हे मला माहीत होतं. तीन ठिकाणी मीच कळवलं होतं. घरी आले आणि आठवलंच नाही." तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. त्यानं एकदाही वाजवलं नाही, दोनदाही नाही. थोड्या वेळानं तिनं उठून दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती टाकीवाल्याच्या दुकानात गेली. नवरा वर्षानुवर्षं तिथूनच सगळं न्यायचा. दुकानातल्या बारा टाक्यांपैकी दहा रिकाम्या होत्या. टाकीवाला स्टुलावर बसून नळ्या गुंडाळत होता. तिला ओळखून म्हणाला, ड्रायव्हरसाहेबांचेही गेले का? ती हो म्हणाली. मग तो बोलत सुटला. त्या पाणीवाल्यांना काय सोयरसुतक, कुठं काय कालवतात आणि आपण बोंबलायचं. एका म्हातारबाईंचे अकरा वर्षांचे मासे होते, त्या इथं बसून ओंजळीत तोंड लपवून रडल्या.

"मी तिथंच काम करते," ती म्हणाली.

त्यानं नळी खाली ठेवली. तिला वाटलं आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. "मग एक फोन करायचा होता, वहिनी," एवढंच म्हणाला.

तिनं पिशवीतून पेन काढलं. मग विचारलं, तुमच्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत का? त्याच्याकडे एक फाटकी वही होती. साठ-सत्तर नावं असतील.

पुढचे दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत ती एका कोपऱ्यात बसून फोन करायची. पाणी नुसतं ठेवून भागणार नाही, टाकीवाल्याकडे पाण्यातलं हे औषध मारायचे थेंब मिळतात ते आधी घाला, बादलीला इतके, आणि मगच पाणी ओता. निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, आता काय उपयोग. काहींनी शिव्या दिल्या. एकानं सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि तुमच्या घरी किती आहेत म्हणून विचारलं. नाहीत, ती म्हणाली, आणि वहीत त्याच्या नावापुढे खूण केली. साहेबांनीही डोकं लावून लोकांसाठीच्या पत्रकात खाली माशांच्या टाक्यांबद्दल दोन ओळी वाढवून घेतल्या. त्या ओळी तिनंच लिहिल्या. पुढच्या पत्रकापासून त्या छापून यायला लागल्या.

महिन्याभरानं टाकीवाल्यानं दोन पिल्लं फुकट पाठवतो असा निरोप दिला. तिनं नवऱ्याला विचारलं, घ्यायची का? दांडी वाजली. दोनदा. मग टाकी देऊन टाकू का? दोनदा. रिकाम्या टाकीत तिनं पाणी तसंच ठेवलं होतं, बुडबुड्यांचं यंत्र चालू होतं. ते बंद करू? एकदा. तिनं बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली, इतकी, की तिला कानात काहीतरी गेल्यासारखं वाटलं.

त्यानंतर दोन दिवस तो डावा हात उचलून दाराकडे दाखवत राहिला. तिनं विचारायचं ते सगळं विचारून पाहिलं. कोणाला बोलवू? मुलीला? डॉक्टरला? दार लावू? उघडू? दोनदा, दोनदा. दिवसभर काकूंनीही आपल्या परीनं प्रयत्न केले. तिसऱ्या दिवशी चादर बदलताना तिच्या मनात आलं आणि तिनं सहज विचारलं, पलंग फिरवायचाय का? त्यानं इतक्या जोरात वाजवलं की दांडी घुमली.

काकूंच्या यजमानांना हाताशी घेऊन तिनं पलंग फिरवला. आता त्याची पाठ टाकीकडे आणि तोंड दाराकडे झालं. दार दिवसभर उघडंच असतं. समोर जिना आहे, येणारंजाणारं प्रत्येक माणूस तिथून दिसतं.

साडेचारला ती जिना चढून आली की आधी त्याचे डोळे दिसतात. ती चपला काढते, हात धुते आणि खुर्चीत बसून विचारते, आज वरचे मास्तर गेले का? एकदा. त्यांची सून? दोनदा. पोस्टमन? तो थोडा थांबतो, आठवतो, मग एकदा वाजवतो.