आत्येचं शुद्धलेखन

आमच्या मोठ्या आत्येइतकी माणसं दुखावणारी बाई अख्ख्या अमरावतीत दुसरी झाली नसेल, आणि त्यातलं एकही माणूस तिनं स्वतःच्या फायद्यासाठी दुखावलं नाही. तिचं भांडण जमिनीचं नसे, दागिन्यांचं नसे, नळाच्या पाण्याचं तर नसेच. भांडण असे ऱ्हस्व-दीर्घाचं. एका मुलींच्या शाळेत ती मराठी शिकवायची. पण शाळा सुटली म्हणून तिचं शिकवणं सुटत नसे. दुकानांच्या पाट्या, सिनेमाच्या जाहिराती, देवळाच्या भिंतीवरच्या सूचना, लग्नपत्रिका, यातलं काहीही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. अकोल्याला आमच्या चुलत घरच्या लग्नात ती अक्षता टाकायला पुढे गेली आणि वरपित्याच्या कानात म्हणाली, "'सहकुटुंब'मधला टु ऱ्हस्व असते. पोराच्या वेळी चुकलं, आता पोरीच्या वेळी नीट छापजा." ते घर आणि आमचं घर नंतर एकमेकांकडे पाणीही प्यायलं नाही. माझे वडील तिचे सख्खे धाकटे भाऊ. ते म्हणायचे, "ताईनं माणसांपेक्षा वेलांट्या जास्त सांभाळल्या." तरीही आठवीत गेल्यावर मला शिकायला त्यांनी तिच्याकडेच अमरावतीला पाठवलं.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, धामणगावच्या एका कापसाच्या जिनात कामाला होते. शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. हा माणूस बोलायला जितका गोड, लिहायला तितकाच भयंकर. त्यांच्या मते 'पाणी' कोणत्याही 'नी'नं लिहिलं तरी तहान भागते. आत्या त्यांना बाजारात पाठवताना सामान तोंडी सांगायची. लिहून घ्या म्हणायची नाही. ते लिहिताना पाहिलं की तिचं डोकं दुखायचं. तिला मूलबाळ नव्हतं. याचं कोणी वाईट वाटून घेतलं तर आतोबा म्हणत, "बरंच झालं. नाव ठेवतानाच भांडण झालं असतं."

पण तिच्या पराक्रमांतला सगळ्यांत मोठा म्हणजे हलवायाचा. मी तेव्हा तिच्यासोबत होते. राजकमल चौकाकडे जाताना एका नव्या मिठाईच्या दुकानावर मोठी पाटी लागली होती, 'शुध्द तुपाची मिठाई'. 'द'ला 'ध' जोडायचा, तर रंगवणाऱ्यानं 'ध'ला 'द' जोडला होता. आत्या थांबली. दुकानात गिऱ्हाईक भरलेलं. ती सरळ पुढे जाऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमचं शुद्ध अशुद्ध हाये."

हलवायाच्या हातातली कढई सुटायची बाकी राहिली. "बाई, वनस्पती तुपाचा एक थेंब निघाला त माही जीभ कापा! इथंच कापा!"

"तुपाचं नाही म्हणून राहिली मी. द ले ध जोडा."

"दूध? दूध कायले जोडू तुपात?"

तोवर मागचा एक माणूस म्हणाला, "तरीच काल माह्यं पोट बिघडलं," आणि दुसऱ्यानं बांधून घेतलेली जिलबी परत ठेवली. आत्या फळा नसल्यामुळे हवेत बोटानं जोडाक्षर काढून दाखवत होती आणि लोकांना वाटत होतं की बाई शाप देऊन राहिली. हलवाई शेवटी रडकुंडीला आला. आठवडाभरानं आम्ही तिथून गेलो तर पाटी बदलली होती : 'असली तुपाची मिठाई'. शुद्धाच्या भानगडीतच तो पडला नव्हता. आत्येनं पाटी दोनदा वाचली. "बरोबर हाये," म्हणाली, आणि पाव शेर पेढे घेतले. हलवायानं ते तिच्याकडे न पाहता तोलले.

आता गंमत अशी, की ही बाई स्वतः अस्सल वऱ्हाडी बोलायची. घरी तर बोलायचीच, वर्गातही. एकदा पुण्याकडचे एक तपासणी अधिकारी तिच्या तासाला येऊन बसले. तास संपल्यावर हसून म्हणाले, "बाई, मराठीच्या शिक्षिकेनं मले-तुले म्हणावं?" आम्ही सगळ्या मुली माना खाली घालून बसलो. आत्या शांतपणे म्हणाली, "साहेब, बोलणं माह्या मायचं हाये. ते मी कोणासाठी बदलवत नाही. लिहिणं सगळ्यांचं हाये. त्यात मी माह्या मायचंही चालू देत नाही. वह्या उघडून पाहा." साहेबांनी वह्या पाहिल्या. चुका सापडल्या नाहीत. मग त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'शिक्षीका अनुभवी आहेत', आणि आत्येनं ती दीर्घ वेलांटी त्यांच्यासमोर लाल शाईनं ऱ्हस्व केली. पुढे मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली तेव्हा तिचा अनुभव सगळ्यांत जास्त होता, आणि ती जागा तिला मिळाली नाही. आतोबा म्हणाले, "एका वेलांटीत बढती लटकवली, मास्तरीणबाई." ती म्हणाली, "वेलांटी चुकलीच होती."

माझ्या वर्गात कुसुम नावाची मुलगी होती. तिचे वडील मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत मजुरी करायचे, मग अमरावतीला बाजारात हमालीला आले. त्यांच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो नवीनच लागला होता, आणि पोरीला शिकवायचंच हे त्या घरानं पक्कं ठरवलं होतं. कुसुम बोलायची तसं लिहायची. आत्येनं तिला रोज शाळेनंतर घरी बोलावलं. ओट्यावर माझ्या शेजारी तिची चटई. माझं कमी, तिचंच जास्त तपासलं जाई, म्हणून मला तिचा राग यायचा. एके दिवशी कुसुमही वैतागली.

"बाई, मी 'आमी' लिवलं त काय बिघडते? समजते तं सगळ्याईले."

आत्येनं दौत बाजूला ठेवली. "समजते व. पण समजणारा हसते. अन् तो हसला का तुह्यं म्हणणं तिथंच राहते. पुढे कोणी ऐकत नाही. आमच्या घरच्या पोरीनं चुकवलं त म्हणतील, घाईत लिहिलं असन. तू चुकवलं त काय म्हणतील?"

कुसुमनं 'आमी' खोडून 'आम्ही' लिहिलं. त्या दिवसानंतर तिनं कधी वाद घातला नाही. मॅट्रिकला मराठीत ती माझ्या पुढे गेली, आणि अकोल्याला सरकारी कचेरीत लागली. तिचा साहेब मसुदे तिच्याकडून तपासून घ्यायचा.

महाराष्ट्र झाला आणि मागोमाग शुद्धलेखनाचे नवे नियम आले. न उच्चारले जाणारे सगळे अनुस्वार गेले. ज्या ठिपक्यांसाठी आत्येनं पिढ्यांना रडवलं ते एका रात्रीत निकाली निघाले. नातेवाइकांना फार आनंद झाला. माझ्या वडिलांनी तर खास अकोल्याहून गाडी पकडून समाचाराला जावं तसं जायचं ठरवलं. मीही सोबत गेले. आतोबा दारातच म्हणाले, "सरकारनं तिचे अर्धे ठिपके उचलून नेले." आत गेलो तर आत्या नवे नियम समोर घेऊन आमच्याआधी पाठ करून बसली होती. "जड झालं होतं ते उतरलं, चांगलंच झालं," ती म्हणाली. "नियम माणसंच करतात, माणसंच बदलवतात. जे राहिलं ते त नीट लिहा, एवढंच माह्यं म्हणणं हाये." वडिलांचा जरा विरसच झाला.

तिला मोडलं ते नियमांनी नाही. तिला मोडलं एका शब्दानं, आणि तो शब्द होता 'चालतं'.

नव्या मुख्याध्यापिका हुशार होत्या, नीटनेटक्या होत्या, आणि त्यांना निकाल हवा होता. शिक्षकांच्या सभेत त्यांनी सांगितलं, "मुलींचा आशय बघा. शुद्धलेखनाचे गुण कापत बसू नका. एवढं चालतं." ते सगळ्यांनाच सोयीचं होतं. तपासायला वेळ कमी लागायचा, पालक खूश, मुली खूश. त्याच सुमारास बाजारात गाईडं आली. पुस्तक कोण वाचतं? गाईडातलं उत्तर पाठ करायचं, उतरवायचं. एका गाईडात 'कवीचे मन दुःखाने भरून येते' याऐवजी 'दुधाने भरून येते' असं छापलं गेलं होतं. सहामाहीत अख्ख्या वर्गानं कवीचं मन दुधानं भरलं, आणि तपासणाऱ्या तरुण बाईंनी प्रत्येकीला दहापैकी सहा गुण दिले. आत्येनं त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आशय पोचला ना?" हा किस्सा आतोबा लोकांना हसत हसत सांगायचे. आत्या एकदाही हसली नाही.

ती गुण कापत राहिली. तक्रारी गेल्या. पुढच्या वर्षी तिच्याकडून मॅट्रिकचे वर्ग काढले आणि तिला पाचवी आणि शिवणाचे तास दिले. चाळिशीच्या चष्म्यातून ती पोरींना काजं करायला शिकवू लागली.

कुसुमची धाकटी बहीण सुमन याच दिवसांत त्या शाळेत होती. गाईडं पाठ करून ती सेकंड क्लासात मॅट्रिक झाली. वडील पेढे घेऊन आत्येकडे आले होते. मग सुमननं एका कचेरीत अर्ज केला. तिथं मराठीचा एक उतारा सांगून लिहायला लावला. तिनं लिहिलेलं तिथल्या साहेबानं इतर उमेदवारांसमोर मोठ्यानं वाचलं, चुकांसकट, प्रत्येक चुकीवर थांबून. लोक पोट धरून हसले. शेवटी साहेब म्हणाला, "पास कशी झालीस? सवलतीत का?" सुमन घरी आली ती कोणाशी बोलेना.

कुसुम रजा काढून अकोल्याहून आली आणि तडक आत्येकडे गेली. मी तेव्हा बाळंतपणानंतर तिथं हवापालटाला गेले होते. कुसुम उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, मले शिकवलं. माह्या बहिणीले कावून नाही शिकवलं?"

आत्येच्या तोंडून एवढंच आलं, "मले शिवण देल्लं होतं व."

हे उत्तर नव्हे, हे तिलाही कळत होतं. कुसुम रडली, आत्या रडली नाही. म्हणाली, "उद्यापासून पाठव तिले."

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका घरी आल्या. माझ्या मुलाला टोपडं आणलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "बाई, आमच्या मुलीला पुढं पुण्याला कॉलेजात घालायचंय. तिचं शुद्धलेखन फारच कच्चं आहे. तिकडे लोक हसतील. तुमच्यासारखं शिकवणारं कोणी नाही."

मी आत्येच्या तोंडाकडे पाहत राहिले. आता फुटणार असं वाटलं. 'एवढं चालतं ना?' हे माझ्याच जिभेवर आलं होतं. आत्या म्हणाली, "पाठवा. लेकराचा काय दोष? पाच वाजता सुमन येते, तिच्यासंगंच बसन."

मुख्याध्यापिकांनी आवाज उतरवला. "वेगळी वेळ नाही का जमणार?"

"काहून?"

"नाही, म्हणजे... लक्ष लागतं एकटीचं."

"दोघींच्या चुका सारख्याच हायेत," आत्या म्हणाली. "एकच वेळ."

ती मुलगी आली नाही. तिच्यासाठी दुसरे गुरुजी ठेवले, असं कळलं. सुमन मात्र काही महिने आली. खाली मान घालून लिहायची, चुकलं की पान फाडायची. आत्या म्हणायची, "फाडू नको व, खोडून लिही." हळूहळू हात बसत होता. तेवढ्यात बाळापूरचं स्थळ आलं, मुलगा नोकरीत होता, आणि लग्न झालं. सासरी अर्ज करायचा विषयच निघाला नाही. शाळेचा निकाल त्या वर्षी आणखी वाढला. गावभर कौतुक झालं, आणि ज्या साहेबानं सुमनचं लिहिणं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, तोच बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून आला. आत्येला त्यानं हार घातला, कारण त्या वर्षी ती निवृत्त होत होती. तिनं तो गळ्यातून काढला, घडी घातल्यासारखा टेबलावर ठेवला आणि भाषण न करता खाली उतरली. घरी आल्यावर आतोबांनी जेवायला बोलावलं, तर भूक नाही म्हणाली. माझ्या माहितीत तिनं जेवण सोडलं ते त्या एकाच दिवशी.

निवृत्तीनंतर तिची दृष्टी झपाट्यानं गेली. मोतीबिंदू काढले, तरी फारसा उपयोग झाला नाही. मी अकोल्याहून गेले की तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. पूर्वी ती पेपर हातात पेन्सिल घेऊन वाचायची आणि वाचून झाला की दिवसभर चिडलेली असायची. आता ऐकताना ती बातमीत रमायची. कापसाचे भाव, नदीचा पूर, कोणाचं भाषण, कुठल्या गावचा तमाशा. मध्येच प्रश्न विचारायची, हसायचीसुद्धा. आतोबा मला हळूच म्हणाले, "लग्नाले इतके वर्ष झाले, ती पेपर पहिल्यांदाच वाचून राहिली."

एके दुपारी मी वाचत असताना तिनं हात वर केला. "छापलं नीट हाये का?"

समोरच्या एका ओळीत तीन चुका होत्या. मी म्हटलं, "हो आत्या. एकदम नीट आहे."

मग चाचपडत तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खोटं बोलून राहिली तू," ती म्हणाली. "वाच पुढे."